उरलेलं मी बघेन

प्रिय पोरी,

परदेशातल्या दोन आठवड्यांच्या वास्तुकलेच्या कार्यशाळेला जायला समितीकडे पैसे मागणारा तुझा अर्ज आणि खर्चाचा तक्ता, दोन्ही वाचले. अर्ज चांगला झालाय, त्यावर बोलायचं नाही. तक्त्यात तिकीट, कार्यशाळेची फी आणि व्हिसा अशा तीन ओळी आहेत. चौथ्या ओळीत आकड्याच्या रकान्यात तू लिहिलंयस, "उरलेलं मी बघेन." ते वाचून मी चिडलो. ३२ वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं, म्हणून जास्तच.

किती मागितले तर समिती नाही म्हणणार नाही, असं तू विचारतेस. हा हिशेब तू करूच नकोस. पूर्ण आकडा लिही.

माझी कार्यशाळा दोन आठवड्यांची होती. एका टेबलाभोवती पाच देशांतली मुलं. मी फक्त तिकिटाचे पैसे मागितले होते, जास्त मागणं हावरटपणाचं वाटलं होतं. मग स्वस्त पडावी म्हणून खोली घेतली ती शहराबाहेर, तासाभराच्या अंतरावर. शेवटची बस साडेनऊची. दिवसभर साइट, व्याख्यानं, पिन-अप (रेखाटनं भिंतीवर लावून चर्चा) चालायचं. पण अशा ठिकाणी डिझाइन ठरतं ते रात्री. अकरानंतर कोणीतरी ट्रेसिंग पेपर पसरतो, दुसरा त्यावर रेघ मारतो आणि बघता बघता सगळा प्लॅन फिरतो. मी तेव्हा अंथरुणात असायचो.

आठव्या दिवशी सकाळी पोहोचलो तर मॉडेलमधला माझा जिना गायब. रात्री सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, बदलला होता. जिना टेबलाखालच्या कातरणांच्या खोक्यात सापडला. अकरा पायऱ्या, एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या, एक कोपरा दबलेला. कोणी माझ्याशी वाईट वागलं नव्हतं. विचारायला मी तिथे नव्हतो, इतकंच. पुढचे सगळे दिवस मी इतरांना पुठ्ठा कापून दिला आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, एक शब्द बोललो नाही. कित्येक वर्षं मी याचा दोष माझ्या इंग्रजीला दिला, मग बुजरेपणाला दिला. मुक्कामाची ओळ तक्त्यात नव्हती, हे फार उशिरा सुचलं.

पूर्ण आकडा लिही म्हणतो तो यासाठी. कार्यशाळेपासून चालत जाता येईल अशा खोलीचं भाडं लिही. मॉडेलचं सामान आणि प्रिंट लिही. तिथला रोजचा प्रवास लिही. तू शेंगेन देशात (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या गटात) चालली आहेस, तिथे किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला वैद्यकीय विमा लागतो, तो तुझ्या तक्त्यात कुठे आहे? व्हिसा नाकारला गेला तर भरलेली फी परत मिळत नाही, ती कोण सोसणार हेही आधीच विचारून ठेव. आणि "आधी खर्च करा, बिलं आणा, मग पैसे देऊ" असं कोणी म्हणालं तर सरळ सांग की आगाऊ हवेत. बिलं भरायला पैसे असते तर तू अर्ज कशाला केला असतास?

यात मागतकऱ्यासारखं वाटण्यासारखं काही नाही. इंग्लंडचा नावाजलेला वास्तुकार जॉन सोन हा वीटकाम करणाऱ्याचा मुलगा. १७७६ मध्ये त्याला रॉयल अकादमीचं सुवर्णपदक मिळालं आणि पुढे इटलीला जायला राजाची प्रवासवृत्ती. वर्षाला ६० पौंड, तीन वर्षं. शिवाय जायचे ३० आणि यायचे ३० वेगळे. यायचे वेगळे, हे नीट वाच. आजही विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या युरोपातल्या इरास्मस योजनेत पाच ते तीस दिवसांच्या छोट्या कार्यक्रमांनाही मुक्कामाचे पैसे दिवसागणिक मोजून देतात. तूच एकटी लाजून बसली आहेस.

सोनचं आणखी एक. रोममध्ये एका बड्या बिशपने त्याला आयर्लंडमधल्या आपल्या घराचं काम देतो म्हटलं. हा गडी मुदत बाकी असताना १७८० मध्ये परतला, आयर्लंडपर्यंत गेला आणि काम काही हाती लागलं नाही. तुझ्या ओळखीचे ते उद्योजक "करू काहीतरी" म्हणालेत ना? लेखी घे. लेखी नसेल तर ती रक्कम जमेत धरू नकोस.

घरच्यांनी कर्ज काढायचं, हा विषय तर बंदच. दोन आठवड्यांसाठी नाही.

आता समितीचं. मीही तिथे बसलोय. पहिल्या वर्षी आम्ही बारा जणांना निम्मे निम्मे पैसे दिले. सगळे खूश, फोटो काढला. प्रत्यक्षात गेले सात. ते सात कोणत्या घरांतले, हे तुला सांगायला नको. उरलेल्यांतल्या एकीने "घरगुती अडचण" असं लिहून मंजुरीचं पत्र परत केलं. मी त्यावर सही केली आणि फाइल मिटली. कसली अडचण, हे विचारलंसुद्धा नाही. तो कागद अजून डोळ्यांसमोर येतो.

दुसऱ्या वर्षी मी हटून बसलो, सहाच जणांना द्या पण पूर्ण द्या. ज्यांना मिळाले नाहीत ते माझ्यावर भडकले, मोजक्यांचे लाड करतो असं सहकारीही म्हणाले. म्हणोत. निम्मे देऊन आम्ही काय करत होतो, तर ज्यांच्याकडे उरलेले निम्मे होते त्यांनाच निवडत होतो. (यात त्या जिन्याचा राग किती आणि न्याय किती, असं बायको विचारते. मी उत्तर देत नाही.)

मोठा आकडा बघून समिती दचकेल, ही तुझी भीती. आम्ही दचकतो ते मोघम ओळीला. दर, दिवस, एकूण असं मांडलेलं असलं की वाद घालायला फार जागा राहत नाही. फी कमी होईल का, हेही आयोजकांना एका ओळीत विचार. ते नाही म्हणाले तर तुझं काय जातं?

परत आल्यावर सादरीकरण करेन, असं सगळेच लिहितात, तू नाही लिहिलंस तरी चालेल.

शिफारसपत्र माझ्याकडून तयार आहे. गुरुवारपर्यंत नवा तक्ता पाठव. चौथ्या ओळीत पुन्हा तेच वाक्य दिसलं तर मी सही करणार नाही, आणि तू रुसलीस तरी चालेल.

तुझा,
सर