सॅम्पल एक दिलं, ड्रममध्ये दुसरंच गेलं, आता बिल अडकलंय

तुमचा मेल दोनदा वाचला आणि खरं सांगू का, शेवटच्या ओळीपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूने होतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांची पाच-सहा जणांची कंपनी, प्रिंटेड इलेक्ट्रॉनिक्स आणि सोलर सेलवाल्यांना कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारी) इंक पुरवतात, त्यातलं एक पेडॉट-पीएसएस, म्हणजे वीज वाहणारं पॉलिमर. परदेशातल्या एका सोलर सेलवाल्या कंपनीला ५० मिली सॅम्पल दिलं, त्यांना आवडलं, मग २० लिटरची ऑर्डर आली, माल गेला, आणि पाच महिन्यांनी तक्रार की फिल्मची कंडक्टिव्हिटी सॅम्पलच्या आसपासही नाही, सगळा लॉट रिजेक्ट झाला, बिल देणार नाही, उलट बुडालेल्या प्रॉडक्शनचे पैसे तुम्हीच द्या, आणि कारण शोधायला इंकची रेसिपी पाठवा. यांचा प्रश्न: पाच महिने गप्प बसलेल्याचं ऐकून घ्यायचं का, आणि बिलासाठी केस टाकू का?

आणि ती शेवटची ओळ: "सॅम्पलमध्ये आम्ही ५ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) घातलं होतं, ऑर्डर कॅटलॉगमधल्या साध्या ग्रेडची आली म्हणून साधंच पाठवलं, त्यांना माहीत असेल असं वाटलं."

अहो, सगळी केस या एका वाक्यात आहे. डीएमएसओ घातलं की या पॉलिमरची कंडक्टिव्हिटी कुठल्या कुठे जाते, साधी फिल्म एक सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्याही (कंडक्टिव्हिटी मोजायचं एकक) खाली असते आणि चांगल्या ग्रेडमध्ये डीएमएसओ मिसळलं तर तीच काहीशेवर पोचते, हे तुम्ही मला शिकवाल इतकं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुम्ही दिलेलं सॅम्पल आणि तुम्ही पाठवलेला माल, इलेक्ट्रोड म्हणून बघितलं तर दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आता कायदा. दोन्ही कंपन्यांचे देश १९८० च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनमध्ये असतील (मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा करार, सीआयएसजी म्हणतात त्याला) आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये तो वगळलेला नसेल तर तो आपोआप लागतो. भारत आणि ब्रिटन त्यात नाहीत, त्यामुळे आधी हे तपासा. तो लागतो असं धरून मी पुढे लिहितोय. नसेल तर कलमं बदलतील, पण "सॅम्पलसारखा माल" हे तत्त्व बहुतेक कायद्यांत आहेच.

कलम ३५ म्हणतं, सॅम्पल म्हणून जे दाखवलं त्याचे गुण मालात हवेत, पक्षांचं वेगळं काही ठरलेलं नसेल तर. या "वेगळं ठरलेलं" मध्ये तुमचा जीव अडकलाय. ऑर्डरवर कॅटलॉग नंबर आहे, त्या नंबरच्या डेटाशीटवर डीएमएसओ नाही आणि कंडक्टिव्हिटीचा आकडाही छापलेला आहे, तर आपण म्हणू शकतो की त्यांनी डोळे उघडे ठेवून साधा ग्रेड मागितला. पण तुमच्या सेल्सवाल्याने मधल्या मेलमध्ये "सॅम्पलचाच माल येईल" असं काही लिहिलं असेल तर हा बचाव गेलाच म्हणायचा. आजच सगळे मेल आणि चॅट काढा, एकही डिलीट करू नका, नकोसा असला तरी.

पाच महिन्यांचा मुद्दा तुम्हाला फार आवडलाय, पण त्यावर भरवसा ठेवू नका. कलम ३८ आणि ३९ प्रमाणे खरेदीदाराने माल लवकर तपासायचा आणि वाजवी वेळेत तक्रार करायची, कमाल मुदत दोन वर्षं, आणि पाच महिने बघता तुमची बाजू चांगली दिसते, एक फिल्म काढून फोर पॉइंट प्रोबवर (कंडक्टिव्हिटी मोजायचं उपकरण) मोजायला कितीसा वेळ लागतो? पण कलम ४० म्हणतं की फरक विक्रेत्याला माहीत होता आणि त्याने सांगितला नाही तर उशिराचा बचाव त्याला मिळत नाही. "त्यांना माहीत असेल असं वाटलं" हे वाक्य समोरच्या वकिलाच्या हातात पडलं तर तो याच कलमावर उभा राहील. म्हणून तसलं वाक्य परत कुठे लिहू नका. खोटंही लिहायचं नाहीये हं, फक्त घाईत खुलासे देत बसायचं नाही.

प्रॉडक्शनच्या नुकसानीचा आकडा बघून झोप उडवून घेऊ नका. कलम ७४ प्रमाणे कॉन्ट्रॅक्टच्या वेळी तुम्हाला अंदाज येऊ शकला असता तेवढंच नुकसान मिळतं, आणि कलम ७७ प्रमाणे नुकसान कमी ठेवायची जबाबदारी त्यांचीही, एक ट्रायल शीट न मोजता पूर्ण लॉट छापला तर त्याचं उत्तर त्यांनी द्यायचं. बिलही सहज शून्य होत नाही, कलम ५० मध्ये किंमत कमी होते, आणि साध्या ग्रेडलाही बाजारात किंमत आहेच ना.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. त्यांच्याकडे किती लिटर उरलंय ते विचारा. उरलेली इंक मुदतीत असेल आणि गोठलेली नसेल (एकदा गोठली की ती परत आधीसारखी होत नाही) तर त्यात डीएमएसओ घालून किंवा नवीन माल देऊन स्वतःच्या खर्चाने दुरुस्तीची ऑफर द्या, कलम ४८ ते करू देतं आणि त्यांनी विनाकारण नकार दिला तर किंमत कमी करायचा हक्क त्यांच्या हातून जातो. ऑफरच्या पत्रावर विदाउट प्रेज्युडिस (म्हणजे यातून आमचे हक्क सोडलेले नाहीत) लिहा आणि जबाबदारी मान्य केल्याचा शब्दही येऊ देऊ नका. प्रॉडक्ट लायबिलिटी इन्शुरन्स (मालामुळे झालेल्या नुकसानीचा विमा) असेल तर आधी विमा कंपनीला कळवा, परस्पर चूक कबूल केली तर कव्हर अडकू शकतं.

रेसिपी नाही द्यायची. ट्रेड सिक्रेट जपायला तुम्ही वाजवी काळजी घेतली होती हेच पुढे दाखवावं लागतं, आणि एका मेलमध्ये ती उघडी पाठवली की दाखवायला काय उरणार. बॅच रेकॉर्डमधले आकडे आणि सील केलेलं रिटेन सॅम्पल (त्याच बॅचमधून तुमच्याकडे राखून ठेवलेला नमुना) दोघांना मान्य लॅबला देऊ, एवढंच म्हणा.

बिलासाठी केस आत्ता टाकू नका, ते उलट दावा लावतील आणि तो मेल कोर्टात वाचला जाईल. तुमच्या इनव्हॉइसच्या मागे "जबाबदारी माल बदलून देण्यापुरती" असं छापलंय म्हणता, पण इनव्हॉइस ऑर्डर मान्य झाल्यावर गेलं असेल तर त्या अटीला फारसा अर्थ नाही, तीच अट कोटेशनमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. ते कोटेशन शोधा आणि सापडलं की आधी मला पाठवा, त्यांना नाही.