रोज 450 नग हवेत, निघतात 390च्या आत. आणखी एक लेथ (धातू कातायचं मशीन) घ्यावी का?

लेथ घेऊ नका. तुमच्या आकड्यांवरून अडतंय ते ड्रिलिंगला.

480 मिनिटांच्या पाळीतून जेवण-चहाची 45 आणि सेटिंगची (पुढच्या जॉबसाठी मशीन जुळवायची) 35 वजा केली की 400 मिनिटं उरतात. दोन लेथ, नगाला 90 सेकंद: 533 नग. ग्राइंडिंग 50 सेकंद: 480. ड्रिल एकच, 60 सेकंद: 400. त्यात ड्रिलनंतर 3 टक्के नग खराब म्हणून बाद, म्हणजे 388. लेथ वाढवलीत तर ड्रिलपुढचा ढीग तेवढा वाढेल. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मोजताना नग लावण्या-काढण्याचा वेळ धरलाय ना, तेही बघा. बरेच जण नुसता कटिंग टाइम धरतात.

आधी बिनखर्चाचं करा. जेवण-चहाच्या वेळी ड्रिलवर बदली माणूस द्या: 45 मिनिटं मिळाली. पुढच्या जॉबचं फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) आणि टूल मशीन चालू असतानाच जुळवून ठेवा. सेटिंग 35वरून 15वर आलं की आणखी 20. झाली 465 मिनिटं, तितकेच नग, बाद वजा जाता 451. लेथवरचा खराब नग ड्रिलला जाण्याआधीच बाजूला काढा, नाहीतर अडणाऱ्या मशीनचं मिनिट फुकट जातं.

मात्र हे काठावरचं गणित आहे. ड्रिल तासभर बंद पडलं की 60 नग गेले. ऑर्डर टिकणारी असेल तर दुसरं ड्रिल घ्याच, तोवर आठवड्यातून एखादा ओव्हरटाइम धरून चला.