भावाच्या फोटोखाली बदनामी

प्रश्न : धाकटा भाऊ सैन्यात आहे. त्याचा वर्दीतला फोटो टाकून एकाने फेसबुकवर 'हा लाचखाऊ' असं लिहिलंय. कायदा काही करेल का?
– एक बहीण, जि. सातारा

उत्तर : ताई, चीड येणारच. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आजच जपून ठेवा. पोस्ट उडायला वेळ लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. पोलीस यात थेट गुन्हा नोंदवत नाहीत. भावानेच, वरिष्ठांना कळवून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची.

लष्कराच्या निर्णयावरची टीका मात्र गुन्हा नाही. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते मला योग्यच वाटतं. त्याच कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका साध्या पोस्टपायी अटक झाली होती.