घोडा आणा, पण आधी ती ‘एफडी’ उघडून बघा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न: किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा १२ वर्षांचा घोडा मालकाने वाऱ्यावर सोडलाय. पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. तो घरच्या रिकाम्या गोठ्यात आणायचा आहे. ६ लाखांची एफडी मोडू का?

ताई, घोड्याकडे येतोच. आधी तुमचंच वाक्य बघा: ‘एफडीचे २ लाख दर मार्चला भरते, तीनदा भरले.’ एफडीला असा दरवर्षी हप्ता नसतो! सोबतच्या कागदावर ‘प्रीमियम’ आणि ‘फंड व्हॅल्यू’ स्पष्ट छापलंय. हा युलिप आहे, म्हणजे विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र. बँकेच्या टेबलावर विकला म्हणून विमा ठेव होत नाही, आणि शेअर बाजारात गुंतलेल्या पैशावर ‘१५ टक्के पक्के’ सांगणाऱ्याने तुम्हाला सरळ फसवलं. पाच वर्षं पुरी होईपर्यंत यातला रुपयाही निघत नाही. मोडायला एफडीच नाहीये.

तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, मग हा विमा कोणासाठी? येत्या मार्चचा हप्ता भरू नका. चौथ्या वर्षी थांबल्याची कपात २ हजारांच्या आत आहे. उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाईल, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळेल आणि दोन वर्षांनी हातात येईल. ती निवृत्तीसाठीच ठेवा, तुम्ही ४८ च्या आहात. बँक आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रारही करा. दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत, गोव्यासाठीचं त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

आता घोडा. पगार ५८ हजार, घरखर्च ३५, उरतात २३. हप्त्यापायी त्यातले महिन्याला सुमारे १७ जातात. पशुवैद्यांनी चारा, नालबंद, औषधं मिळून महिन्याला १२ हजार सांगितलेत. म्हणजे आज परवडत नाही. हप्ता थांबला की परवडतो, वर ११ हजार निवृत्तीला उरतात. सुरुवातीच्या उपचाराचे ५० हजार बचत खात्यातल्या दीड लाखातून काढा. उरलेल्या लाखाला हात लावू नका. तुमचं आजारपण आलं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड आहे, त्याचं नूतनीकरण चुकवू नका.

‘बरा झाला की मुलांना फिरवून चाऱ्याचे पैसे काढेल’ हा हिशेब मात्र आजच खोडा. असे खूर पुन्हा ओझं पेलतील याची खात्री नाही, आणि त्याच कामाने तो झिजलाय. घोडा २५-३० वर्षं जगतो. १२ हजार धरले तर पुढच्या १३ वर्षांचे महागाई न मोजता १९ लाख होतात. हे कमाईविना झेपणार असेल तरच हो म्हणा.

गूळ आणि धान्य बंद, साखर-पिठूळ खाण्याने हा आजार बळावतो. रोज ६-८ किलो सुकं गवत लागेल, आणि पावसाळ्यात गोठ्याची जमीन कोरडी नि मऊ हवी. हलवण्याआधी पशुवैद्यांकडून ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या, तो रोग माणसालाही होतो. आणि घोडा तुम्हाला दिल्याचं मालकाकडून लिहून घ्या, नाहीतर घोडा बरा झाल्यावर मालक दारात हजर व्हायचा.