आई-वडील दोघेही बी पॉझिटिव्ह, मग मुलगी ओ निगेटिव्ह कशी?
होऊ शकते, चोपड्याच्या रक्तगट तपासणी शिबिरातलं लेकीचं कार्ड चुकलंच असेल असं नाही. तुम्हा दोघांत बीच्या आड ओचा आणि पॉझिटिव्हच्या आड निगेटिव्हचा जनुक दडलेला असेल, तर दर बाळामागे ही शक्यता १६ मध्ये १. मी जळगावात लॅबमध्ये रोज हेच बघतो: काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यांत निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी ही तपासणीची द्रावणं. जिथे दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात, तो गट; डीच्या थेंबात झाल्या तर पॉझिटिव्ह. लेकीच्या तिन्ही थेंबांत काहीच झालं नसणार. मात्र कमजोर डी, म्हणजे पॉझिटिव्हची क्षीण खूण, पट्टीवर निसटतो (शिबिरात घाईही असते), म्हणून रक्तपेढीत ट्यूब पद्धतीने एकदा खात्री करा. १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ गटही पट्टीवर ओच दिसतो. तो ओळखायला अँटी-एच हे वेगळं द्रावण लागतं.