टीम नसलेला टीमचा अंक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायन नॉर्थने लिहिलेल्या 'फॅन्टॅस्टिक फोर' या चार सुपरहिरोंच्या टीमच्या कॉमिक मालिकेतल्या पहिल्या अंकाचं एवढं कौतुक कशासाठी? चौघांपैकी एकटा बेन ग्रिम दिसतो, बाकीच्या तिघांचा, म्हणजे रीड, सू आणि जॉनीचा, पत्ता नाही, नावाजलेला खलनायक नाही. मग हा टीमचा अंक कसला? आणि मागची साठ वर्षं न वाचता इथून सुरुवात केली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: खुशाल करा. फक्त अंक नीट बघून घ्या. हा २०२२च्या नोव्हेंबरमधला, इबान कोएयोच्या चित्रांचा आणि अॅलेक्स रॉसच्या मुखपृष्ठाचा. त्याच लेखकाने २०२५ मध्ये पुन्हा एकपासून मोजणी सुरू केली आहे, त्यामुळे 'पहिला अंक' एवढंच सांगून मागवलात तर भलताच हातात पडेल. या मालिकांचे आकडे हे एक वेगळंच प्रकरण आहे. २०२२च्या मालिकेचा सातवा अंक, जुन्या मालिकांपासूनचे सगळे अंक मोजले तर, सातशेवा होता! मुखपृष्ठावरचा एक हा विक्रीसाठी असतो, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही.

आता खरा प्रश्न. माझं मत असं की टीमच्या मालिकेतले सगळ्यात चांगले अंक बहुतेक वेळा टीम विखुरलेली किंवा निवांत बसलेली असतानाच येतात. त्याला एक रोखठोक कारण आहे. साध्या अंकात गोष्टीला वीसेक पानं मिळतात. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर झाल्या शंभर. सात जणांची टीम, समोर तितकेच शत्रू, मधे एक स्फोट आणि पुढच्या अंकासाठी लटकवलेला शेवट, एवढं बसवल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ठोसे आणि एक टोमणा येतो. माणूस कळायला जागाच उरत नाही. मारामारी कितीही देखणी काढली तरी महिन्याभराने तुम्हाला त्यातलं काय आठवतं, सांगा बरं.

या अंकात बेन आणि त्याची बायको अॅलिशिया गाडीने प्रवासाला निघाले आहेत. रात्री एका लहानशा गावात मुक्काम करतात आणि सकाळी उठतात ती ते पोचले त्याच्या आदल्या दिवसाची. गाव एकाच दिवसात अडकलं आहे, आणि हे चक्र या दोघांच्या जन्माआधीपासून चालू आहे. पुढचं फोडत नाही. पण ठोसा मारून सुटेल असं हे कोडं नाही. अंकाची खरी गंमत या नवराबायकोच्या बोलण्यात आहे. बेन स्वतःला अडाणी म्हणवून घेतो, पण दगडी अंगाच्या या माणसाइतकं माणसांना ओळखणारं त्या घरात दुसरं कोणी नाही. टीमचा शास्त्रज्ञ म्होरक्या रीड शेजारी असता तर त्याने पाचव्या पानावर यंत्र काढलं असतं आणि बेन मागे उभा राहून तक्रार करत बसला असता. रीड नाही म्हणून बेन दिसतो. अॅलिशिया तर टीमची सदस्यही नाही, तरी इथे ती बरोबरीने वावरते.

हा काही नव्याने लागलेला शोध नाही. याच मालिकेचा १९६६ मधला ५१वा अंक काढून वाचा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. उघडताच अख्खं पान भरून बेन एकटा पावसात उभा आहे, मान खाली. एक शास्त्रज्ञ त्याला गोड बोलून घरी नेतो, गुंगी देऊन त्याचं दगडी रूप स्वतःकडे घेतो आणि बेन बनून टीममध्ये घुसतो. मनात रीडबद्दल मत्सर: हा नुसता प्रसिद्धीचा भुकेला. मग रीड एका भयंकर पोकळीत उतरायला निघतो, कमरेला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक विश्वासाने याच तोतयाच्या हातात देतो. तो प्रसंग सावकाश वाचा. पोकळीसाठी कर्बीने छायाचित्रं कापून चिकटवलेलं पानही तिथेच आहे, पण नजर दोर धरलेल्या हातांकडे असू द्या. सूड घ्यायला फक्त हात सैल सोडायचा होता. दोर तुटतो तेव्हा तोच तोतया आत उडी घेतो, रीडला माघारी फेकतो आणि मरतो. त्याचं नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. तिकडे खरा बेन माणूस होऊन अॅलिशियाच्या दारापर्यंत पोचलेला, आणि नेमका त्याच वेळी पुन्हा दगडाचा होतो. (साठ वर्षं होत आली, आता फोडायला हरकत नसावी.)

टीम म्हणजे काय हे तिथे एका बाहेरच्याच्या नजरेतून कळतं.

विनोदी बाजू हवी असेल तर 'जस्टिस लीग' या दुसऱ्या सुपरहिरो टीमच्या १९८७च्या मालिकेचा पाचवा अंक. टीममधला भांडखोर गाय गार्डनर बरेच अंक सगळ्यांचं डोकं खात असतो, शेवटी बॅटमॅन त्याला एका ठोशात आडवा करतो. ठोसा क्षणात संपतो. लक्षात राहतात ते बाकीच्यांचे चेहरे, केव्हिन मॅग्वायरने काढलेले, आणि नेमकं तेव्हाच तिथे नसलेली टीममधलीच ब्लॅक कॅनरी, जिला आपलं केवढं मोठं नुकसान झालं असं वाटतं. आणि 'एक्स-फॅक्टर' या आणखी एका टीमच्या मालिकेचा १९९३ मधला ८७वा अंक तर नुसता बोलण्याचा: पीटर डेव्हिडने एकेका सदस्याला मानसोपचारतज्ज्ञासमोर बसवलं आहे. वाऱ्याच्या वेगाने धावणारा क्विकसिल्व्हर एवढा तिरसट का, तर सगळं जग त्याला रांगेत पुढे उभ्या असलेल्या संथ माणसासारखं वाटतं. ते वाचल्यावर मला तरी त्याचा राग करणं जमलेलं नाही.

'यात काही घडतच नाही' ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. टीमचा जुना शत्रू डॉक्टर डूम आणि कोसळणाऱ्या इमारती हव्या असतील, तर नॉर्थचा पहिला अंक मिळमिळीत वाटेल. शिवाय टीम का फुटली हे त्यात सांगत नाहीत, आणि काहींना तो खोडसाळपणा वाटतो. मला ते दडवणं आवडलं, कारण त्यासाठी गोष्ट अर्धवट सोडलेली नाही: गावाचं कोडं त्याच अंकात सुटतं. दुसऱ्यात रीड आणि सू वेगळ्याच गावच्या भानगडीत सापडतात, तिसऱ्यात जॉनी नाव लपवून नोकरी करतो आणि जुलमी मालकाशी त्याची गाठ पडते. चौथ्यात चौघे भेटतात आणि काय बिघडलं होतं ते कळतं.

म्हणून एकच अंक वाचून निकाल देऊ नका, चारही लागोपाठ वाचा. चौथा वाचताना रीडवर बाकीचे का चिडले आहेत ते बघा, आणि तुम्हाला कोणाची बाजू पटते ते इथे कळवा. आमच्यात यावरून अजून भांडणं होतात. मी बेनच्या बाजूने आहे.