दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर हल्लाच झाला नाही, मग लोकांना युद्ध जाणवलं का?

जाणवलं, आणि चांगलंच. फक्त रणांगण दूर होतं. रात्री ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना काळे कागद लावलेले असायचे. १९४३ मध्ये शहरात धान्याचं रेशनिंग सुरू झालं. धातूची इतकी चणचण होती, की त्याच वर्षी मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा निघाला. आजीच्या डब्यात 'भोकाचा पैसा' सापडला असेल, तर तो युद्धाचाच अवशेष समजा!

सगळ्यात मोठा तडाखा मात्र शत्रूने दिलाच नाही. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीसुद्धा! हा शेजार कुणाला सुचला कोण जाणे. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून दूरवर जाऊन पडल्या, ही दंतकथा नाही, खरं आहे.

प्रत्यक्ष लढाई म्हणाल, तर आपली माणसं इटलीतही लढत होती. रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे (सैन्यात 'नाईक' हुद्द्यावर) १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. त्यांचा पुतळा माणगावला आहे.